कार्ड, पाकीट आणि तार

१ जुलै १८७९ रोजीं हिंदुस्थानांत पाव आण्याचें पोस्टकार्ड निघालें. १८५४ पासून, अंतर कितीही असलें तरी, हलकें पत्र अर्ध्या आण्यांत जात होतेंच. कार्डानें तो खर्चही निम्म्यावर आणिला. पण उघडें कार्ड म्हणजे टपालवाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत सर्वांना वाचावयास मोकळें! म्हणून क्षेमकुशल कार्डावर, घरांतील नाजूक गोष्टी पाकिटांत, आणि मरण किंवा गंभीर दुखणें तारेनें, अशी वाटणी आमच्याकडे घरोघरीं आपोआप पडली. तार आली कीं लखोटा फोडण्यापूर्वींच रडारड सुरू होई. मग आंत मुलगा परीक्षा उतरल्याचें वर्तमान कां असेना! अशुभ वार्तेच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे, आणि वाचून झाल्यावर तें घरांत ठेवीत नसत. मजकुराआधीं साधनच अर्धी बातमी सांगे.

१५ जुलै २०१३ पासून सरकारी तारसेवा बंद झाली. आज कोणास फोनवर बोलणें रुचतें, कोणास लिहून निरोप धाडणें. ज्याची त्याची आवड. परंतु सहलीचें छायाचित्र आणि मृत्यूची वार्ता हीं दोन्हीं एकाच किणकिणाटानें यावीं, हें आम्हांस अद्याप मानवलेलें नाहीं. तसली बातमी आम्ही अजून फोन करून, तोंडानेंच सांगतों.