वेर्नाच्चा दि सान जिमिन्यानो : एका द्राक्षवाणाच्या नावाचा इतिहास

प्रस्तावना

पिकांचा इतिहास लिहिताना लागवडीचे क्षेत्र, उत्पादन, बाजारभाव आणि करआकारणी ही साधने प्रामुख्याने वापरली जातात. काही पिकांच्या बाबतीत मात्र त्यांच्या नावाचा इतिहासही तितकाच महत्त्वाचा ठरतो. इटलीच्या तोस्काना प्रांतात, सिएना जिल्ह्यातील सान जिमिन्यानो या टेकडीवरील नगराभोवती पिकणारा 'वेर्नाच्चा' हा पांढऱ्या द्राक्षांचा वाण असे एक उदाहरण होय. हे नाव तेराव्या शतकात जकातीच्या दप्तरात, त्यानंतर काव्यात व चित्रात आणि विसाव्या शतकात कायद्यात आढळते. सुमारे साडेसातशे वर्षांचे हे सातत्य पाहता हा वाण व त्याची वाइन आपोआप टिकून राहिली, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी केली असून, परंपरेचे नाव कोणी धारण केले आणि प्रत्यक्षात वेल कोणी जोपासली, या प्रश्नाचा विचार केला आहे.

नावाची व्युत्पत्ती व त्यातील संदिग्धता

'वेर्नाच्चा' या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी दोन मते प्रचलित आहेत. एका मतानुसार लिगुरियाच्या किनाऱ्यावरील वेर्नात्सा या गावावरून हे नाव आले. दुसऱ्या मतानुसार त्याचे मूळ 'घरचा, स्थानिक' या अर्थाच्या 'व्हर्नाक्युलस' या लॅटिन शब्दात आहे. दुसरे मत ग्राह्य धरल्यास 'वेर्नाच्चा' हा शब्द मराठीतील 'गावरान' या विशेषणाशी मिळताजुळता ठरतो. ज्याप्रमाणे 'गावरान' म्हटल्याने कोणत्याही एका जातीचा बोध होत नाही, त्याप्रमाणे इटलीतही या नावाखाली परस्परांशी संबंध नसलेले वाण आढळतात. सार्डिनिया बेटावरील ओरिस्तानोचा वेर्नाच्चा हा वेगळा पांढरा वाण आहे. तर मार्के प्रांतातील सेर्रापेत्रोना येथील वेर्नाच्चा हा काळ्या द्राक्षांचा वाण असून त्यापासून फेसाळ तांबडी वाइन बनते. यावरून जुन्या कागदपत्रांत 'वेर्नाच्चा' असा उल्लेख आढळला, तरी तो सान जिमिन्यानोचाच असेल असे गृहीत धरता येत नाही. नावाबरोबर स्थळही नोंदलेले असेल तरच तो पुरावा निर्णायक मानावा लागतो.

जकातीचे दप्तर : १२७६

या दृष्टीने १२७६ सालचे सान जिमिन्यानोचे जकातीचे नियम विशेष महत्त्वाचे आहेत. नगराबाहेर जाणाऱ्या वेर्नाच्चाच्या प्रत्येक ओझ्यामागे ३ सोल्दी इतका कर त्यात ठरवून दिलेला आहे. 'ओझे' म्हणजे एका जनावराच्या पाठीवर लादता येईल इतका माल. ही नोंद लहान असली, तरी तिच्यातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ही वाइन इतर वाइनपासून वेगळी ओळखली जात होती. दुसरी, ती नगराबाहेर विकली जात होती. तिसरी, तिच्यावर स्वतंत्र कर बसवावा इतके तिचे मोल होते.

या व्यापाराला अनुकूल परिस्थितीही होती. सान जिमिन्यानोने ११९९ मध्ये स्वतंत्र नगरसत्ता स्थापन केली होती. उत्तर युरोपातून रोमकडे जाणारा व्हिया फ्रांचिजेना हा यात्रामार्ग याच परिसरातून जात असे. केशराच्या व्यापारातून येथील घराणी संपन्न झाली आणि त्या संपन्नतेची खूण म्हणून त्यांनी उंच मनोरे उभारले. परंपरेनुसार या मनोऱ्यांची संख्या ७२ सांगितली जाते. १३४८ च्या प्लेगच्या साथीने नगराची मोठी हानी झाली आणि १३५३ मध्ये ते फ्लॉरेन्सच्या सत्तेखाली गेले. पुढील काळात नवी बांधकामे करण्याइतके वैभव उरले नाही. त्यामुळेच जुन्या मनोऱ्यांपैकी १४ आजही उभे आहेत. १९९० मध्ये युनेस्कोने या नगराच्या ऐतिहासिक भागाचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. नगराची वास्तुपरंपरा अशा रीतीने एका अर्थी दारिद्र्यामुळे टिकली. वेलीचे मात्र तसे नाही. मनोरा दुर्लक्ष होऊनही उभा राहू शकतो. वेलीची दरवर्षी छाटणी करावी लागते आणि जुनी वेल गेल्यास तिच्या जागी नवी लावावी लागते.

साहित्य व कला यांतील उल्लेख

वेर्नाच्चाचा सर्वांत प्रसिद्ध साहित्यिक उल्लेख दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'तील 'पुर्गातोरिओ' या खंडात येतो. १२८१ ते १२८५ या काळात पोपपदी असलेला चौथा मार्टिन तेथे खादाडपणाचे प्रायश्चित्त घेताना दिसतो. बोल्सेना सरोवरातील वाम मासे आणि वेर्नाच्चा यांच्या अतिसेवनाचे पाप तो उपवासाने फेडत आहे. दान्ते स्वतः मे १३०० मध्ये फ्लॉरेन्सचा दूत म्हणून सान जिमिन्यानोला गेला होता. त्यामुळे काव्यातील वेर्नाच्चा याच नगराची असावी, असे अनेकदा सुचविले जाते. परंतु काव्यात या नगराचे नाव नाही. मध्ययुगीन व्यापारात लिगुरियाची वेर्नाच्चाही प्रसिद्ध होती आणि इंग्लंडमध्ये 'व्हर्नेज' या नावाने ती परिचित होती. चॉसरच्या 'मर्चंट्स टेल'मध्येही तिचा उल्लेख आहे. म्हणून दान्तेच्या उल्लेखावरून वेर्नाच्चाची तत्कालीन कीर्ती सिद्ध होते, तिचे उगमस्थान सिद्ध होत नाही.

सोळाव्या शतकात जॉर्जो व्हासारी याने फ्लॉरेन्सच्या पालाझ्झो वेक्कियोतील भव्य दालनाच्या छतासाठी सान जिमिन्यानोचे रूपकचित्र रंगविले व त्यात येथील वेर्नाच्चाला स्थान दिले. १६८५ मध्ये प्रकाशित झालेल्या 'बाक्को इन तोस्काना' या काव्यात मेदिची दरबाराचा वैद्य फ्रांचेस्को रेदी याने सान जिमिन्यानोजवळील पिएत्राफित्ता येथील वेर्नाच्चाचा नामनिर्देश केला. येथे नाव व स्थळ पुन्हा एकत्र येत असल्याने इतिहासाच्या दृष्टीने हा उल्लेख दान्तेच्या उल्लेखापेक्षा अधिक उपयुक्त आहे.

अर्धेलीची शेती आणि वाणाची पीछेहाट

काव्यात व चित्रात नाव गाजत असताना प्रत्यक्ष वेल कोणाच्या हाती होती? तोस्कानाच्या ग्रामीण जीवनावर कित्येक शतके 'मेझ्झाद्रिया' या पद्धतीचे वर्चस्व होते. मराठीत ज्याला अर्धेली किंवा बटाई म्हणतात, तसाच हा प्रकार होता. जमीन मालकाची, श्रम कुळाच्या कुटुंबाचे आणि उत्पन्नाची निम्मी निम्मी वाटणी. कुटुंबाचा वर्षभराचा निर्वाह त्याच जमिनीवर व्हायचा असल्याने गहू, ऑलिव्ह व द्राक्षे एकाच शेतात घेतली जात. वेली अनेकदा मेपलसारख्या झाडांवर चढविल्या जात व त्यांच्या ओळींमधून धान्य पेरले जाई.

अशा शेतीत वाणाची शुद्धता ही कुळाची गरज नव्हती. भरपूर उत्पन्न ही त्याची गरज होती. त्यामुळे ट्रेब्बिआनो हा अधिक पीक देणारा पांढरा वाण सर्वत्र पसरला आणि त्याच्या व माल्व्हाझियाच्या गर्दीत वेर्नाच्चाचे क्षेत्र आक्रसत गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपभर पसरलेल्या फिलॉक्सेरा या मुळांवरील किडीने जुन्या बागांची पुनर्लागवड अपरिहार्य केली आणि अमेरिकन खुंटांवर कलमे करण्याची पद्धत रूढ झाली. पुनर्लागवडीच्या अशा प्रत्येक वेळी कमी उत्पन्न देणारा वाण मागे पडण्याचा धोका असतो. तरीही मिश्र शेतात वेर्नाच्चाच्या काही वेली शिल्लक राहिल्या. विसाव्या शतकातील पुनरुज्जीवनाला आधार मिळाला तो या शिल्लक वेलींचा.

कायद्याने दिलेले नाव

दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रामीण तोस्कानातून शहरांकडे मोठे स्थलांतर झाले. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार करण्यास मनाई करण्यात आली आणि १९८२ च्या कायद्याने उरलेले करार खंडाच्या करारात बदलण्याची तरतूद झाली. याच सुमारास, १९६३ मध्ये, इटलीत वाइनच्या नियंत्रित उत्पत्तिनामाचा, म्हणजे 'डीओसी'चा कायदा झाला. ३ मार्च १९६६ रोजी वेर्नाच्चा दि सान जिमिन्यानोला ही मान्यता मिळाली. देशातील अगदी पहिल्या मान्यताप्राप्त वाइनमध्ये तिची गणना होते. १९७२ मध्ये उत्पादकांचा संघ स्थापन झाला व १९९३ मध्ये 'डीओसीजी' हा हमीप्राप्त दर्जा देण्यात आला. तोस्कानातील पांढऱ्या वाइनपैकी तो प्रथम हिलाच मिळाला.

ज्या दशकात वेलीचे नाव कायद्याने सुरक्षित झाले, त्याच दशकात ती वेल जोपासणारी कुळांची व्यवस्था कायद्याने संपुष्टात येऊ लागली. या दोन घटनांत थेट कार्यकारणभाव दाखविता येत नसला, तरी त्यांचा एकत्रित परिणाम मोठा होता. मिश्र शेतीच्या जागी केवळ द्राक्षांच्या सलग बागा आल्या. पोलादी टाक्या व तापमान नियंत्रित ठेवून रस आंबवण्याचे तंत्र आले. आजची फिकट पिवळसर, कोरडी आणि शेवटी कडू बदामाची किंचित चव ठेवणारी वाइन हे या परिवर्तनाचे फळ आहे.

नियमांनुसार वाइनमध्ये किमान ८५ टक्के वेर्नाच्चा असावी लागते आणि द्राक्षे सान जिमिन्यानो नगरपालिकेच्या हद्दीतीलच असावी लागतात. प्राचीन सागरतळाची, शंख-शिंपल्यांचे अवशेष असलेली वाळू व चिकणमाती ही येथील जमिनीची ओळख होय. 'रिझेर्व्हा' या प्रकारासाठी किमान ११ महिने मुरवणे बंधनकारक आहे. त्याच प्रदेशात १९६७ च्या क्यान्ती वाइनच्या नियमांनी तांबड्या वाइनमध्येही ट्रेब्बिआनो व माल्व्हाझिया या पांढऱ्या द्राक्षांचा १० ते ३० टक्के अंश आवश्यक ठरविला होता. कायदा कोणत्या वाणाला स्वतःचे नाव देतो आणि कोणत्या वाणाला दुसऱ्याच्या नावाखाली मिसळतो, यावर त्या वाणाचे भवितव्य किती अवलंबून असते, हे या तुलनेवरून लक्षात येते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, वेर्नाच्चाच्या इतिहासातील सातत्य हे मुख्यतः नावाचे व भूमीचे सातत्य आहे. चवीचे सातत्य त्याच निश्चितीने सांगता येत नाही. मध्ययुगातील वाइन व आजची वाइन यांच्यात लागवड, साधने व निर्मितीची पद्धत या सर्वच बाबतींत अंतर आहे. हे नावही आपोआप टिकले नाही. नगरसत्तेने महसुलासाठी, दरबाराने प्रतिष्ठेसाठी आणि आधुनिक राज्याने बाजारपेठेसाठी ते नोंदविले.

या तिन्ही नोंदींत वेल राखणाऱ्या कुळाचे नाव मात्र कोठेही नाही. त्याने ती वेल परंपरा म्हणून राखली की केवळ उपटण्याचे कारण पडले नाही म्हणून, हे दप्तरांवरून कळत नाही. तरीही त्याच्या मिश्र शेतात ती उरली नसती, तर १९६६ च्या कायद्याला संरक्षण देण्यासाठी केवळ एक शब्द हाती लागला असता. भौगोलिक नावांच्या संरक्षणाचा इतिहास लिहिताना राजपत्रातील तारखांबरोबर शेताच्या बांधावरील या अनामिक श्रमांचीही दखल घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.