चिंध्यांचा कागद, सणाची चिठ्ठी



दिवाळी जवळ आली की दुकानांत चमकीची भेटकार्डं दिसू लागतात. ती चमकी बहुधा प्लास्टिकची. ती कुजत नाही आणि त्या कार्डाचा पुन्हा कागदही नीट होत नाही. म्हणून आज जरा मागे वळून पाहू.

नाताळचं पहिलं छापील भेटकार्ड १८४३ साली लंडनला निघालं. आपल्याकडे पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं १८७९ साली. त्याआधी आपल्या पणज्यांचे सण काही मुके नव्हते. आखाजीला लेकीकडे मुऱ्हाळी जायचा, संक्रांतीला तीळगूळ, दसऱ्याला आपट्याचं पान.

कागद तर आपल्या खान्देशातच व्हायचा. एरंडोल आणि यावल हातकागदासाठी नावाजलेली गावं. जुनं गोणपाट, दोर, चिंध्या चुन्याच्या पाण्यात भिजवून कुटायच्या, लगदा चाळणीवर उचलायचा, वाळवायचा, दगडाने घोटायचा. देशी कागद असाच होई. झाड तोडावं लागत नसे. पुढे गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बसला. १९४० साली पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली, तिने ही विद्या जपली.

ती आपल्याही घरात येऊ शकते. मुलांच्या जुन्या वह्या रात्रभर भिजवा, वाटा, चौकटीला ताणलेल्या पातळ कापडावर पसरा. ओल्या लगद्यात तुळशीचं बी दाबा आणि सावलीत वाळवा. सण झाला की चिठ्ठी कुंडीत पेरा.

यंदा बचतगटाच्या बैठकीत एकीने तरी जुनी वही आणायची. आणाल ना?