रेघ घसरली, पाणी नाही

कोल्हापुरातल्या एखाद्या जलतरण तलावाच्या जुन्या वहीतून रोजच्या क्लोरीनचा आलेख काढताय? मग आधी विचारा, मोजलं कशानं? 1913 मध्ये एल्म्स आणि हाऊझर यांनी ऑर्थोटोलिडीनची चाचणी बसवली. थेंब टाकले की पाणी पिवळं. ग्रामपंचायतीची ‘ओटी टेस्ट’ ती हीच. गोम अशी, की पाचेक मिनिटं थांबलात तर घाम-लघवीतल्या अमोनियाशी बांधला गेलेला क्लोरीनही त्या पिवळ्यात येतो, आणि जंतू मारायला तो फारच मंद. पॅलिन यांची डीपीडी 1957 ची. तिचा रंग गुलाबी, आणि मोकळा क्लोरीन वेगळा कळतो. म्हणजे किट बदललं त्या दिवशी रेघ खाली येणार, पाणी तेच असलं तरी! (मी आधी डोसिंग पंपावर संशय घेतला होता.)

हीच गफलत पिण्याच्या पाण्यात महागात पडते. 2012 ची इचलकरंजीतली काविळीची साथ आठवा. ती दूषित पाण्यातूनच पसरली होती. नळाला किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर हवा, तो मोकळा क्लोरीन. वहीत नुसतंच ‘0.2’ असेल, तर तो आकडा आलेखावर वेगळ्या खुणेनं टाका.