वेगाचे विक्रम आणि संग्रहालयांतील वाफेची इंजिने

संग्रहालयातील वस्तू हा इतिहासाचा प्रत्यक्ष पुरावा होय, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. वेगाचा विक्रम करणाऱ्या वाफेच्या इंजिनांच्या बाबतीत मात्र हे गृहीत तपासून पाहावे लागते. इंजिन जतन करता येते, त्याचा वेग जतन करता येत नाही. मागे उरते ती केवळ त्या वेगाची नोंद.

९ मे १९०४ रोजी ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या ‘सिटी ऑफ ट्रुरो’ या इंजिनाने प्लिमथहून टपालगाडी नेताना वेलिंग्टनच्या उतारावर ताशी १०२.३ मैल वेग गाठला, असे सांगण्यात येते. या कथनाचा आधार म्हणजे चार्ल्स राउस-मार्टेन या एकट्या निरीक्षकाने हातातील घड्याळावर घेतलेली वेळ. १९३१ साली हे इंजिन यॉर्कच्या संग्रहालयात आले. आकड्याविषयीचा वाद मात्र मिटला नाही. उलट, ३० नोव्हेंबर १९३४ रोजी ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ने गाठलेला १०० मैलांचा वेग गाडीला जोडलेल्या मापनयंत्रांच्या डब्यात नोंदला गेला. त्यामुळे शंभर मैलांचा पहिला प्रमाणित विक्रम त्याच्या नावे मानला जातो.

३ जुलै १९३८ रोजी ‘मॅलार्ड’ने स्टोकच्या उतारावर केलेल्या विक्रमाच्या वेळीही असा डबा जोडलेला होता. या धावेत मधल्या सिलिंडरच्या जोडदांड्याचे बेअरिंग तापले आणि पीटरबरो येथे इंजिन गाडीपासून सोडवावे लागले. इंजिनाचा अभिकल्पक नायजेल ग्रेस्ली यास १२५ मैलांचा आकडाच मान्य होता. १२६ हा क्षणिक उच्चांक त्याने स्वीकारला नाही. तथापि त्याच्या मृत्यूनंतर, १९४८ साली, इंजिनावर बसविलेल्या फलकावर १२६ हाच आकडा कोरला गेला.

जर्मनीतील उदाहरण अधिक उद्बोधक आहे. ११ मे १९३६ रोजी ताशी २००.४ किलोमीटर वेग गाठणारे ‘०५ ००२’ हे इंजिन १९६० साली मोडीत निघाले. न्युरेंबर्गच्या संग्रहालयात आहे ते त्याचे भावंड ‘०५ ००१’. विक्रम एकाचा, जतन दुसऱ्याचे!

तात्पर्य, इंजिनाचे अस्तित्व विक्रम सिद्ध करीत नाही आणि इंजिन नष्ट झाल्याने विक्रम पुसलाही जात नाही. ‘मॅलार्ड’ची धाव नोंदविणारा मापनयंत्रांचा डबाही यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने जपला आहे, ही म्हणूनच विशेष महत्त्वाची गोष्ट होय. इतिहासाच्या अभ्यासकाने इंजिनावरील फलक वाचावा, परंतु निर्णय द्यावा तो नोंद पाहूनच.