आत्मसन्मान आणि स्वतःचा स्वीकार : महाडने काय शिकवले?

आत्मसन्मान म्हणजे स्वतःच्या नजरेत स्वतःची असलेली किंमत. ही किंमत पद, पगार, रंग, आडनाव किंवा समोरच्याने दिलेला मान यावर अवलंबून नसते, निदान नसावी. 'तू जसा आहेस तसा स्वतःला स्वीकार' हे वाक्य आज मोबाईलवर दिवसातून दहा वेळा दिसते. पण ज्या समाजाला शतकानुशतके 'तुम्ही आहात तसेच राहा' असे सांगितले गेले, त्या समाजातल्या तरुणाने या वाक्याचा अर्थ नीट तपासून घ्यायला हवा. स्वतःला स्वीकारणे आणि लादलेली जागा स्वीकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक समजून घ्यायला आपल्याला लांब जायची गरज नाही. तो रायगड जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, 1927 साली महाडला घडून गेला.

सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, हा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 4 ऑगस्ट 1923 रोजी मंजूर केला. महाड नगरपालिकेनेही जानेवारी 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळाला, तरी तळ्यावर कोणी गेले नाही. का गेले नाही, हा माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. भीती होतीच, मार बसला असता. पण 'आपण तिथे जायचे नसते' ही आतली सवयही होती, आणि ती नगरपालिकेच्या ठरावाने मोडत नाही.

म्हणून 19 आणि 20 मार्च 1927 च्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेतले बाबासाहेबांचे भाषण वाचताना लक्षात येते की ते पाण्याबद्दल कमी आणि जगण्याच्या रीतीबद्दल जास्त आहे. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे-शिळे घेऊ नका, वतनाच्या भाकरीवर जगण्यापेक्षा शेती करा, मुलांना आपल्यापेक्षा चांगल्या स्थितीत न्या. आज काहींना हे 'सुधारणेचे' उपदेश वाटतात. पण भाकर मागायला दारात उभे राहणाऱ्याला रोज स्वतःच्याच डोळ्यांसमोर लहान व्हावे लागते, हे त्यांनी ओळखले होते. दुसऱ्या दिवशी परिषदेचे लोक रांगेने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. परतल्यावर वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवून त्यांच्यावर हल्ला झाला, आणि नंतर शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले.

या परिषदेमागे दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या स्थानिक तरुणांची मेहनत होती, हे आपल्या तरुणांनी विसरू नये. त्याच्याही आधी महाड परिसरातल्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त सैनिकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'विटाळ विध्वंसन' लिहून अस्पृश्यतेला जाब विचारला होता. म्हणजे 1927 ची जमीन आधीच नांगरलेली होती.

डिसेंबरची परिषद तर अधिक बोलकी आहे. मुंबईची मंडळी बोटीने हरिहरेश्वरला आणि तिथून सावित्रीच्या खाडीने दासगावला आली. सभेसाठी हिंदूंकडून जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. याच परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की या तळ्याचे पाणी न पिता आपण काही मेलेलो नाही. तिकडे जायचे ते आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे ठरवण्यासाठी. मात्र कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम आलेला होता. सत्याग्रहाला हजारो लोक नाव नोंदवून तयार असताना, चर्चेनंतर पाणी पिण्याचा कार्यक्रम स्थगित झाला. तळ्याभोवती मिरवणूक काढून लोक परतले. माघारी फिरताना त्यांची किंमत कमी झाली का? अजिबात नाही. पुढे दहा वर्षे दावा चालला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

परिषदेनंतर स्त्रियांच्या सभेत बाबासाहेब लुगडे नेसण्याच्या पद्धतीवर आणि अंगावरच्या दागिन्यांवर बोलले. गुडघ्यापर्यंतचे लुगडे, गळाभर आणि हातभर कथलाचे दागिने ही जात ओळखण्याची खूण झाली होती. ती टाका, असा निरोप होता, आणि स्त्रियांनी तो लगेच अमलात आणला. टिपणीस आणि चित्रे यांच्या घरच्या स्त्रियांनी त्यांना नेसायला मदत केली. इथे एक शंका रास्त आहे : मग हे 'जसे आहात तसे स्वीकारा' याच्या उलट नाही का? माझे उत्तर असे की त्या खुणा त्या बायांनी निवडलेल्या नव्हत्या. वेष बदलला तो वरच्यांसारखे दिसण्यासाठी नव्हे, तर आपल्या अंगावर काय असावे हे आपण ठरवू, यासाठी. पण धोकाही आहेच. आज गोरे करणारी क्रीम लावणारी, बोलण्यातला कोकणी हेल दाबणारी आमची मुलगी यातून चुकीचा धडा घेऊ शकते.

बुद्धधम्मात याचे एक नेमके सूत्र आहे. पालीतला 'मान' म्हणजे अहंकार, आणि तो तीन प्रकारचा सांगितला आहे : मी श्रेष्ठ आहे, मी बरोबरीचा आहे, मी हीन आहे. 'मी हीन आहे' हासुद्धा मानच! कारण तिन्हींत स्वतःला दुसऱ्याच्या मापाने मोजणे आहे. न्यूनगंडाला नम्रता समजणाऱ्यांनी हे वाचावे, आणि जुन्या पराक्रमाच्या गोष्टींवरच छाती फुगवणाऱ्यांनीही. मैत्रीभावनेचा सराव स्वतःपासून सुरू करावा असे विसुद्धिमग्ग सांगतो, ते याच कारणाने. ज्याचे स्वतःशी वैर आहे त्याची दुसऱ्यावरची माया फार टिकत नाही.

माझी एक चूक सांगते. किनाऱ्यावरच्या एका गावात आमचा तरुणांचा अभ्यासवर्ग चालतो. पर्यटकांच्या हॉटेलात काम करणारा एक मुलगा सगळीकडे फक्त पहिले नाव सांगतो, हे कळल्यावर मी त्याला सर्वांसमोर सुनावले : "बाबासाहेबांची लेकरं आपण, लाज कसली?" तो गप्प राहिला. वर्ग सुटल्यावर म्हणाला, "ताई, लाज नाय वाटत. पनवेलला खोली बघतोय. आडनाव ऐकलं की खोली आधीच दिलेली असते." माझ्याकडे उत्तर नव्हते. मी त्याच्या आत्मसन्मानाची परीक्षा घेत होते, आणि परीक्षा घ्यायची होती घरमालकाची. समाजशास्त्राची पदवी घेऊनही मला हे त्याच्याकडून कळावे!

तेव्हापासून वर्गात मी कुणाला 'अभिमानाने सांगा' असे फर्मावत नाही. कोण कुठे, कधी आणि किती सांगेल, हे ज्याला त्याचे परिणाम भोगायचे आहेत त्याने ठरवावे. त्या मुलासोबत आम्ही तिघेजण पनवेलला खोल्या बघत फिरलो. चौथ्या ठिकाणी त्यानेच पूर्ण नाव सांगितले. तिथली खोली मिळाली नाही, सहाव्या ठिकाणची मिळाली. आता तो दर रविवारी तिथल्या दोन नव्या मुलांना घेऊन वर्गाला येतो, आणि 20 मार्चला महाडला जायच्या गाडीची वर्गणीही तोच गोळा करतो.