मुस्तफा आणि तिसरा गडी

मागच्या विकांताला बऱ्याच दिवसांनी एक गेम शेवटपर्यंत खेळून संपवला. 'अ स्पेस फॉर द अनबाउंड' त्याचं नाव. इंडोनेशियात सुराबाया शहरात मोजिकेन नावाचा छोटासा स्टुडिओ आहे, त्यांनी तो केला आणि जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आला. गोष्ट घडते १९९० च्या दशकाच्या शेवटी, लोका नावाच्या एका काल्पनिक गावात. ठिपक्याठिपक्यांची चित्रं, शाळा, रस्त्यावरची मांजरं, लहानपणच्या मैत्रीची एक हळवी गोष्ट आणि गावातलं एक आर्केड. त्या आर्केडपाशी पोचलो आणि गेम तसाच चालू ठेवून बसून राहिलो. अरे, हे तर आपलं पार्लर!

तुमच्यापैकी जे नव्वदीत किंवा २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत लहान होते, त्यांना एकच शब्द पुरे आहे. मुस्तफा. पिवळी टोपी, उडती लाथ. आता आठवलं ना? :)

आमच्या तालुक्याच्या गावात एस.टी. स्टँडच्या मागे पार्लर होतं. मी चौथी-पाचवीत असेन, म्हणजे २००६-०७ चा सुमार. रुपयाला एक डाव. आम्ही तिघं जायचो. मी, बंड्या आणि पक्या (नावं बदलली आहेत, दोघंही आता मोठे साहेब आहेत). मशीनला हँडलं दोन. त्यामुळे दोघं खेळणार आणि तिसरा दप्तरं सांभाळणार. हा तिसरा जवळजवळ नेहमी पक्याच असायचा, कारण त्याला घरून पैसे मिळायचे नाहीत. आम्ही त्याला कधीकधी शेवटची लाइफ द्यायचो, तीही मरायला टेकलेली. मोठे उदार होतो आम्ही!

असो. तर गेम संपवल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला, की हा मुस्तफा मुळात आला कुठून?

गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ मध्ये काढला. म्हणजे ज्यांच्या 'स्ट्रीट फायटर टू'ने १९९१ मध्ये जगभरची पार्लरं भरून टाकली होती, तेच हे लोक. पण गोष्ट जपानी नाही. मार्क शुल्ट्झ नावाच्या अमेरिकन चित्रकाराची 'झेनोझोइक टेल्स' ही कॉमिक्सची मालिका १९८७ पासून निघत होती, तिच्यावर गेम बेतलेला आहे. मोठ्या उत्पातानंतर माणसं शेकडो वर्षं जमिनीखाली राहतात. वर येऊन बघतात तर सगळीकडे डायनोसॉर! नायक जॅक टेनरेक हा मेकॅनिक. तो जुन्या कॅडिलॅक गाड्या दुरुस्त करून पळवतो, आणि पेट्रोल नसल्यामुळे त्या चालतात चक्क विष्ठेपासून केलेल्या इंधनावर. गोबर गॅसवाल्या आपल्या देशाला ही कल्पना पटायला काहीच हरकत नव्हती.

मूळ गोष्टीत मुख्य माणसं दोन, जॅक आणि हॅना डंडी. मुस्तफा कैरो हा जॅकचा मित्र, म्हणजे तसा दुय्यम. गेममध्ये मेस नावाचा चौथा धिप्पाड गडीही आहे. पण आपल्याकडे पोरांनी सगळा गेमच मुस्तफाच्या नावावर करून टाकला. ते लांबलचक इंग्रजी नाव वाचतंय कोण? पळायला सगळ्यात चपळ तो, आणि चौघांत ओळखीचं वाटावं असं नाव त्याचंच. झालं! कंपनीला न विचारता अख्ख्या देशाने नायक बदलला.

आता थोडं हार्डवेअर. (पोटापाण्याचा धंदा आहे, सहन करा.)

पार्लरवाल्या काकांकडे एवढे गेम यायचे कसे? १९८० च्या दशकाच्या मध्याला जपानमध्ये 'जामा' नावाचं वायरिंगचं एक मानक ठरलं. पडदा, हँडलं, बटणं, वीजपुरवठा हे सगळं एकाच ठरलेल्या कनेक्टरला जोडायचं. म्हणजे लाकडी खोका तोच ठेवायचा आणि आतला बोर्ड तेवढा बदलायचा, की नवा गेम तयार. पार्लरचा धंदा परवडला तो ह्यामुळे. मात्र ह्या मानकात सोय होती ती दोनच खेळाडूंची.

कॅपकॉमने ह्या बोर्डात आणखी एक गोष्ट घातली होती. आवाजाचा प्रोग्रॅम एन्क्रिप्ट केलेला, आणि तो उलगडण्याची किल्ली बॅटरीच्या जिवावर टिकणाऱ्या मेमरीत. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि तो प्रोग्रॅम वाचताच येत नाही. जुने बोर्ड सांभाळणारे लोक ह्याला सरळ 'आत्महत्येची बॅटरी' म्हणतात. हेतू हा, की कोणी नक्कल करू नये. पण नकला झाल्याच! आवाजाचा भाग वेगळ्याच चिपवर बसवून, बॅटरीची भानगडच न ठेवता. म्हणजे अस्सल बोर्ड बॅटरीबरोबर मरणार आणि चोरीचा माल चालू राहणार. आमच्या काकांचा बोर्ड कुठल्या जातीचा होता देव जाणे, पण आवाज फारच खरखरीत यायचा...

दुसरी गंमत अशी की हा गेम घरच्या कुठल्याच कन्सोलवर अधिकृतपणे आला नाही. कॅपकॉमने २०१८ मध्ये अशाच जुन्या मारामारीच्या सात गेमचा संच काढला, त्यातही हा नाही. प्रोग्रॅम कॅपकॉमचा, गोष्ट शुल्ट्झची आणि गाडीचं नाव जनरल मोटर्सचं. एवढे हक्क एका टेबलावर आणणं सोपं नसणार. मग तो आपल्यापर्यंत टिकला कसा? निकोला साल्मोरिया ह्या इटालियन प्रोग्रॅमरने १९९७ मध्ये 'मेम' हे सॉफ्टवेअर सुरू केलं. जुन्या बोर्डांची नक्कल साध्या पीसीवर चालवायची, म्हणजे मशीन मेलं तरी ते कसं चालायचं हे कळत राहील. ह्या लोकांनी ते एन्क्रिप्शनही फोडलं. पुढे आपल्याकडच्या सायबर कॅफेत आणि घरोघरच्या पीसीवर मुस्तफा फिरला तो ह्याच वाटेने. कायद्याने बघाल तर गेमची अशी फाइल उतरवून घेणं चूकच. पण ह्या फाइली नसत्या, तर हा लेख लिहायला माझ्याकडे खरखरीत आवाजाच्या आठवणीपलीकडे काही उरलं नसतं, हेही खरं.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

हे सगळं जालावर वाचताना एका ओळीवर अडखळलो. खेळाडू : तीन.

पुन्हा वाचलं. एकाच वेळी तीन जण! बोर्डावर तिसऱ्या गड्यासाठी वेगळा कनेक्टर होता. 'जामा'च्या दोनपलीकडची जास्तीची वायर ओढायची, खोक्यावर तिसरं हँडल बसवायचं, बस्स. आमच्या पार्लरमधल्या खोक्यावर ते नव्हतं, एवढंच. गेमचा इतिहास लिहिणारे बोर्डात काय होतं ते लिहितात. पोरांच्या वाट्याला काय आलं ते मात्र खोक्यावर, सुताराच्या मापावर आणि काकांच्या हिशेबावर ठरत होतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने पक्याची जागा करून ठेवली होती. ती पक्यापर्यंत पोचलीच नाही.

रविवारी रात्री त्याला फोन लावला. दोनेक वर्षांत बोलणं नव्हतं, दिवाळीच्या शुभेच्छांपुरतं काय ते. मोठा शोध लावल्याच्या थाटात सांगितलं, "पक्या, मुस्तफा तिघांचा गेम होता रे!"

तो शांतपणे म्हणाला, "माहितीये मला."

"काय? केव्हापासून?"

"तेव्हापासूनच. तिसऱ्याची जागा पडद्यावर दिसायची की. तुमचं लक्ष मारामारीत. मला बघण्याशिवाय काय काम होतं? काकांना विचारलंही होतं एकदा. म्हणाले, तिसरं हँडल बसवायला जागा नाही."

"मग आम्हाला बोलला का नाहीस?"

"बोलून काय करणार? रुपया कुठे होता माझ्याकडे."

ह्यावर मला काही सुचलं नाही. मग उगाच हापिस, हप्ते, पोरंबाळं असं काहीबाही बोलत राहिलो. फोन ठेवायच्या आधी त्याला म्हटलं, पुढच्या शनिवारी माझ्याकडे ये, बंड्यालाही बोलावतो, मी तीन गेमपॅड मागवलेत. तो क्षणभर गप्प होता. मग म्हणाला,

"येतो. पण मुस्तफा मी घेणार."