चाकावरची झालर

पुरवणीसाठी "न्यूझीलंडच्या इतिहासावर काहीतरी लिहा" असे संपादकांनी सांगितले तेव्हा त्यांच्या मनात वायतांगीचा तह किंवा सर एडमंड हिलरी असावेत. मी मात्र लिहिणार आहे मोटारीच्या मडगार्डावर. वाचकहो, लगेच पान उलटू नका. या देशाचा एक मोठा सुपुत्र आणि त्याचा मृत्यू, दोन्ही या विषयाच्या पोटात आहेत. शिवाय त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, आणि ती कबूल केल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. उभा जन्म बोटी बांधण्यात गेला. आता निवृत्त आहेत, आणि गॅरेजमध्ये एक १९७३ सालची फोर्ड एस्कॉर्ट बाळगून आहेत. जुन्या गाड्यांच्या शर्यतींत ती धावते. तिला रुंद टायर बसवायचे ठरले, तेव्हा ते टायर मडगार्डाच्या बाहेर डोकावू लागले. अशा वेळी मडगार्डाच्या कमानीवर फायबरग्लासची एक फुगीर झालर बसवतात. इथे तिला 'फ्लेअर' म्हणतात. मी आज पोटासाठी सॉफ्टवेअर लिहीत असलो तरी माझी डॉक्टरेट चिकटवलेल्या सांध्यांतील ताणांवर आहे. साहजिकच मी छाती पुढे काढून म्हणालो, "आजोबा, मागची डावी बाजू माझ्यावर सोपवा."

हॅम्प्टन डाउन्सच्या ट्रॅकवर तिसऱ्याच फेरीला माझी झालर एका टोकाने उचलली गेली, दोनदा फडफडली आणि उडाली. मागच्या गाडीवाल्याने ती चुकवण्यासाठी गाडी गवतात घातली. सुदैवाने कोणाला काही झाले नाही. आजोबा ओरडले नाहीत. तुटलेला तुकडा उलटा करून त्यांनी मला दाखवला. आतल्या बाजूला जुन्या रंगाचा पापुद्रा जसाच्या तसा चिकटलेला होता. म्हणजे माझा सांधा पत्र्याशी झालाच नव्हता, तो रंगाशी झाला होता. मग त्यांनी एवढेच विचारले, "ब्रूस मॅक्लारेन कसा गेला, ठाऊक आहे का?"

मला ठाऊक नव्हते. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती आले ते आपल्यापुढे मांडतो.

काचेचे कापड

काचेचा धागा उद्योगात आला तोच मुळी अपघाताने. १९३२ साली अमेरिकेत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण संशोधक काचेचे ठोकळे एकमेकांना जोडण्याच्या खटपटीत होता. हवेचा झोत वितळलेल्या काचेवर आला आणि तिचे बारीक तंतू उडाले. १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग कंपनी स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या तंतूंना पॉलिएस्टर रेझिनची जोड मिळाली, आणि १९५३ साली शेव्हरोलेने फायबरग्लासच्या बॉडीची कॉर्व्हेट बाजारात आणली. पहिल्या वर्षी गाड्या निघाल्या फक्त ३००. पण पत्रा ठोकण्याचे अवाढव्य प्रेस नसतानाही मोटारीला हवा तो आकार देता येतो, हे जगाला कळून चुकले.

न्यूझीलंडला याची गरज इतरांहून जास्त होती. १९३८ पासून इथे आयातीवर परवाना पद्धत आली. नवी गाडी घ्यायची तर परदेशी चलन गाठीला असावे लागे. आपल्याकडे फियाट आणि स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावलेली पिढी अजून हयात आहे, तेव्हा हे दुःख आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको. जुनी गाडी टिकवायची, नवा भाग मिळत नसेल तर घरी करायचा, ही इथली रीत झाली. कुंपणाच्या आठ नंबरच्या तारेने काहीही दुरुस्त करतो, असे इथला माणूस अभिमानाने सांगतो तो यामुळेच. १९५० च्या दशकात ख्राइस्टचर्चच्या वेल्टेक्स प्लास्टिक्स कंपनीने 'मिस्ट्रल' नावाची फायबरग्लासची स्पोर्ट्स कारही काढली.

काचेचे कापड हाताळण्याची खरी शाळा मात्र बोटींच्या कारखान्यांत होती. १९८७ च्या अमेरिका कप स्पर्धेसाठी न्यूझीलंडने फायबरग्लासची १२ मीटर वर्गातली बोट उतरवली, केझेड-७. या वर्गात तोवर असे कोणी केले नव्हते. फसवायचे नसेल तर प्लॅस्टिकची बोट कशाला बांधता, अशा अर्थाचे डेनिस कॉनर बोलून गेला आणि सारा देश खवळला. आमचे आजोबा आजही त्याचे नाव काढले की चहा खाली ठेवतात.

रुंद चाकांचे दशक

मडगार्डाला झालर लागली ती १९६० च्या दशकात. शर्यतीचे टायर त्या काळात वर्षागणिक रुंद होत गेले. रबर जितके रुंद, तितकी वळणावर पकड अधिक. पण शर्यतींचे नियम साधारणपणे असे की वरून पाहिले असता टायर बॉडीने झाकलेला असला पाहिजे. चाक तर बाहेर आले, आता मडगार्डही त्याच्या मागोमाग बाहेर न्यायला हवे. पत्र्यात अशी कमान घडवायला कसबी कारागीर आणि कित्येक दिवस लागतात. फायबरग्लासमध्ये मात्र एकदा साचा केला की हव्या तेवढ्या झालरी काढता येतात, आणि धडक बसून फुटली तर दुसरी तयार.

१९६३ पासून ऑकलंडच्या दक्षिणेला पुकेकोहेचा ट्रॅक या शर्यतींचे घर झाला. घोड्यांच्या शर्यतींचे मैदान आणि मोटारींचा रस्ता एकाच आवारात. मॅनुरेवाच्या जिम रिचर्ड्सने सुरुवातीला साधी फोर्ड अँग्लिया पळवली. पुढे तो रुंद कमानींच्या मस्टँगमध्ये बसला, १९७५ साली ऑस्ट्रेलियाला गेला आणि बाथर्स्टची मोठी शर्यत सात वेळा जिंकला. पुकेकोहेला मोटारींची शेवटची शर्यत २०२३ साली झाली. ६० वर्षांचा आवाज त्या दिवशी थांबला.

साचा, मेण आणि खाज

झालर करतात कशी, हे थोडक्यात सांगतो. पेणला गणपतीचा कारखाना ज्यांनी पाहिला आहे त्यांना अर्धे काम ठाऊकच आहे. आधी मूळ आकार घडवायचा, मग त्यावरून साचा, आणि साच्यातून मूर्ती. इथे मूर्तीच्या जागी झालर, एवढाच फरक.

पहिले काम गाडीवरचे. स्प्रिंग काढून घ्यायची आणि जॅकने चाक वर नेत राहायचे, अगदी खड्ड्यात आपटल्यावर ते जिथवर जाईल तिथवर. पुढचे चाक असेल तर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहायचे. चाक जिथे पत्र्याला लागते तिथे खूण करून पत्रा कापायचा. पत्र्याचे आतले आणि बाहेरचे असे दोन थर कापल्याने सुटे होतात, ते पुन्हा वेल्डिंगने जोडले पाहिजेत, नाहीतर गाडीची ताकद जाते आणि गंज आत शिरतो. मग फोम आणि पुट्टीने कमानीचा आकार घडवायचा. एका बाजूचा आकार पुठ्ठ्यावर उतरवून दुसऱ्या बाजूला उलटा लावला की कळते की गाडीच्या दोन बाजू मुळातच सारख्या नसतात! अशा वेळी टेपपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवावा, असे आजोबा म्हणतात.

साच्याला मेणाचे अनेक हात द्यायचे, त्यावर जेलकोट, त्यावर काचेच्या मॅटचे दोन-तीन थर. मॅटच्या वजनाच्या साधारण दुप्पट ते अडीचपट रेझिन, आणि रेझिनमध्ये एक ते दोन टक्के हार्डनर. ऑकलंडच्या थंडीत रेझिन घट्ट व्हायला दुप्पट वेळ घेते. म्हणून हार्डनर वाढवावा तर ते तापून तडकते. घासताना उडणारी काचेची भुकटी मनगटाला, मानेला खाजवत राहते. तोंडावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. हार्डनरचा एक थेंबही डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेतू शकते.

हे सगळे मी नीट केले होते. चुकलो तो शेवटच्या पायरीला, म्हणजे जोडताना. पत्रा रंग खरवडून चकचकीत करायला हवा होता. पॉलिएस्टरऐवजी इपॉक्सी वापरायला हवे होते, कारण लोखंडावर पॉलिएस्टरची पकड मुळातच कच्ची. रिव्हेटच्या मागे रुंद वॉशर हवे होते. नाहीतर सगळा जोर एका भोकाच्या कडेवर येतो आणि काचेचे कापड तिथून फाटते. भर म्हणून सांध्यावर पुट्टी भरून मी तो दिसेनासा केला. उन्हात फायबरग्लास लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावतो. त्यामुळे असा लपवलेला सांधा आज ना उद्या तडकतोच. जाणकार तो उघडा ठेवतात आणि मध्ये रबराची पट्टी घालतात. त्यामुळे तो रोज डोळ्यांसमोर राहतो.

आणि वारा? ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर सुमारे ४७ किलो वजनाइतका असतो. वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो, म्हणजे जवळजवळ १९० किलो. फिरणारे चाक कमानीत हवा कोंडते, ती आतून ढकलते. बाहेरच्या फुगीर पृष्ठभागावर दाब कमी होतो, तो बाहेर ओढतो. दोघांचे भांडण सोडवायला मध्ये असतो बिचारा सांधा.

फडफडणारे दार

आता आजोबांच्या प्रश्नाकडे वळू. ब्रूस मॅक्लारेनचा जन्म ३० ऑगस्ट १९३७ चा, ऑकलंडचा. रेम्युएरा भागात वडिलांचा पेट्रोल पंप आणि गॅरेज होते. नवव्या वर्षी त्याला पर्थीझ नावाचा हाडाचा विकार झाला. टाकापुनाच्या विल्सन होममध्ये सुमारे दोन वर्षे अंथरुणात गेली, आणि डावा पाय कायमचा आखूड राहिला. वडिलांबरोबर खटपट करून उभ्या केलेल्या ऑस्टिन-७ गाडीतून १९५२ मध्ये तो मुरिवाईच्या चढावर पहिल्यांदा स्पर्धेत उतरला. इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमाला त्याने नावही घातले होते. १९५८ मध्ये 'ड्रायव्हर टू युरोप' ही शिष्यवृत्ती मिळाली आणि हा विशीचा मुलगा परदेशी निघाला. पुढच्याच वर्षी, २२ व्या वर्षी, सेब्रिंगला त्याने अमेरिकेची ग्रां प्री जिंकली. १९६३ मध्ये स्वतःचा संघ काढला. त्याच्या सुरुवातीच्या बोधचिन्हावर किवी पक्षी होता. वॉली विलमॉटसारखे मायदेशाचे मेकॅनिक सोबतीला होते.

एका चाचणीत त्याच्या गाडीचे पेट्रोल भरण्याच्या जागेचे छोटे दार फडफडू लागले. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे वेग वाढला की वाऱ्याने ते घट्ट दाबले जायला हवे होते. ते उलट अधिकच उडू लागले. आधी त्याला कामातल्या ढिसाळपणाचा राग आला, आणि दुसऱ्या क्षणी उलगडा झाला. आत हवा कोंडली आहे, बाहेर दाब कमी आहे. पिटमध्ये येऊन त्याने कात्री घेतली आणि रेडिएटरमागची बॉडी कापून हवेला वाट करून दिली. लगेच फेऱ्यांची वेळ सुधारली.

हीच दृष्टी घेऊन हा संघ कॅन-अ‍ॅम मालिकेत उतरला. सात लिटरची इंजिने, एका फुटाहून रुंद मागचे टायर, आणि त्यांना पोटात घेणारी नारिंगी फायबरग्लासची बॉडी. तिथे झालर वेगळी उरलीच नव्हती, सारी गाडीच झालर झाली होती. १९६७ ते १९७१ अशी सलग पाच विजेतेपदे या संघाची. १९६९ मध्ये तर ११ पैकी ११ शर्यती ब्रूस आणि डेनी हल्म या दोन न्यूझीलंडवासीयांनी वाटून घेतल्या.

२ जून १९७० रोजी इंग्लंडमध्ये गुडवुडच्या ट्रॅकवर ब्रूस नवी एम-८-डी गाडी तपासत होता. सरळ रस्त्यावर, पूर्ण वेगात असताना मागच्या बॉडीचा भाग सुटून उडाला. त्याच्याबरोबर मागच्या चाकांना जमिनीशी दाबून धरणारा वाऱ्याचा जोर गेला. गाडी गिरकी घेऊन मार्शलच्या चौकीच्या बांधकामावर आदळली. ब्रूस ३२ वर्षांचा होता. घरी पत्नी आणि लहान मुलगी होती. बारा दिवसांनी मालिकेची पहिली शर्यत होती. संघ तिथे गेला. डॅन गर्नीने ब्रूसच्या जागी गाडी चालवून ती जिंकली, आणि त्याआधीच्याच महिन्यात दोन्ही हात भाजलेल्या हल्मने त्या वर्षीचे विजेतेपद पटकावले.

फडफडणाऱ्या दाराची भाषा ज्याला सर्वांत आधी कळली, त्याच माणसाला सुटलेल्या एका भागाने नेले. हे वाचून मी रात्री बराच वेळ जागा होतो. इथे ज्ञान कमी पडले असे कोण म्हणेल? पण सांधा ज्ञान विचारत नाही. तो त्या दिवशी, त्या क्षणी, पक्का आहे की नाही, एवढेच खरे.

पुन्हा गॅरेजमध्ये

एस्कॉर्टची डावी झालर आम्ही नव्याने केली. पत्रा चकाकेपर्यंत घासला, इपॉक्सी लावले, दर रिव्हेटमागे वॉशर घातला, आणि सांधा रबराच्या पट्टीसह उघडा ठेवला. वाळल्यावर आजोबांनी मला झालरीची कड दोन्ही हातांनी धरून सगळ्या वजनानिशी ओढायला लावले. गाडी स्प्रिंगवर हलली, झालर नाही. "आता डॉक्टर झालास," म्हणाले.

ब्रूसची समाधी वाइकुमेटेच्या दफनभूमीत आहे, आमच्या घरापासून फार दूर नाही. गेल्या जूनमध्ये आम्ही दोघे जाऊन आलो. येताना आजोबा गाडीत गप्प होते. घरी पोचल्यावर कोट न काढताच ते गॅरेजमध्ये गेले आणि चारही झालरींचे रिव्हेट एकेक करून टिचकी मारत तपासू लागले. मी दुसरी बाजू घेतली.